मागच्या म्हाताऱ्या

परवा दुपारी गल्लीतून ती हाळी आली. "कूलर घाऽऽस! कूलर घाऽऽस!" होळी होऊन थोडेच दिवस झालेत, पण आमच्या जळगावात उन्हाळ्याला कुणी आमंत्रण द्यावं लागत नाही. सायकलच्या मागे गवताचे भारे बांधून तो माणूस मेहरूणच्या आमच्या गल्लीत दरवर्षी येतो. मग घरोघर माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. जुन्या ताट्यांमधलं काळं पडलेलं, खारानं कडक झालेलं गवत उपसायचं, नवं भरायचं, आणि संध्याकाळी मोटर लावली की घरभर तो वास. ओल्या लाकडाचा, थोडा रानाचा. मला फार आवडायचा हो तो वास. आता आला की माझी नजर आपोआप कूलरच्या डोक्यावर जाते. तिथे श्रीखंडाचा डबा आहे का बघते. तो नसतो. डबा स्वयंपाकघरात आहे, मला माहीत आहे ना. झाकणाला भोकं पाडलेली आहेत, म्हणून त्यात मी लसूण ठेवते.

दोन वर्षं झाली त्या उन्हाळ्याला. तो उन्हाळा मी त्या डब्यात डोकं घालून काढला.

डबा माझ्या अक्काचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. निवृत्त झाल्यावर भजनी मंडळातल्या बायकांबरोबर तिकडे दार्जिलिंगकडे सहलीला गेली. बाकीच्या बायकांनी चहा आणला, शाली आणल्या. हिनं ओल्या परकरात गुंडाळून एक झाड आणलं. त्याला माती नाही, कुंडी नाही, नुसत्या नारळाच्या सोडणाला धरून बसलेलं. ऑर्किड. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव अक्काला तोंडपाठ होतं, मला ते कधी आलंच नाही. तिचा मुलगा सुहास म्हणाला, "आई, धुळ्यात? अगं इथे निवडुंगसुद्धा सावली मागतो." अक्का म्हणाली, "तुझ्या बायकोला पुण्याहून आणलं, ती टिकली ना? मग हेही टिकेल."

आणि टिकलं. न्हाणीघराच्या खिडकीत, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दिवसभर गारवा असतो, तिथे तिनं ते टांगलं. शेजारच्या भाभींच्या एसीच्या नळीखाली बादली लावून ठेवली, कारण ते गळणारं पाणी मऊ असतं. "आपल्या बोअरचं पाजलं तर मुतखडा होईल वं त्याला," म्हणायची. पुढच्या वर्षी त्याला जांभळं फूल आलं. एवढं मोठं, की बघून मला जरा लाजल्यासारखंच झालं. धुळ्याच्या न्हाणीघरात काय ते रूप!

ह्या झाडाची एक रीत आहे. ते जागेवर वाढत नाही, पुढे पुढे चालतं. दरवर्षी पुढच्या बाजूनं नवा कोंब येतो, तो फुगून काकडीएवढा कंद होतो, त्याला पानं येतात, फूल येतं. मागचे जुने कंद पानं गाळून बसतात. सुरकुततात, पिवळट होतात. मेलेत असंच वाटतं, पण मेलेले नसतात. त्यांच्यात साठलेलं पाणी ते गुपचूप पुढच्यांना देत राहतात. अक्कानं त्यांना नावं ठेवली होती. पुढच्या त्या सुना, मागच्या त्या म्हाताऱ्या.

झाड फार लांबलं की ती ब्लेड गॅसवर लाल करायची, मागच्या म्हाताऱ्या कापून वेगळ्या करायची, कापल्या जागी हळद लावायची. मग श्रीखंडाच्या डब्यात ओलसर शेवाळ, त्यावर म्हाताऱ्या नुसत्या टेकवायच्या, भोकांचं झाकण लावायचं आणि सावलीत ठेवून द्यायचं. "ह्यांच्या बुडाशी डोळा असतो," ती मला दाखवायची. वाळक्या पापुद्र्याखाली तिळाएवढा ठिपका. "सुना पुढं असल्या की हा डोळा झोपलेला राहतो. वेगळं काढलं की म्हातारीला वाटतं, आता आपलं आपल्यालाच बघावं लागणार. मग फुटते."

तिची सून मनीषा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "असं आहे का? मग आई, तुम्हालाही वेगळं काढू का?"

"काढ की. भाभींच्या एसीखाली नेऊन ठेव म्हणजे झालं."

किती हसलो होतो तेव्हा.

एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा बजावायची. "पुरायच्या नाहीत वं! आपल्या आबांचे कंद नाहीत हे. वर ठेवायच्या, उघड्या. मातीत गेल्या की गेल्या." कारण पहिल्या वेळी तिनं स्वतःच पुरल्या होत्या, चांगल्या वीतभर खोल. सगळ्या सडल्या. "कळत होतं गं," ती म्हणाली, "पण हात ऐकेचनात."

हात कसे ऐकतील? आम्ही सावद्याकडच्या केळीवाल्याच्या लेकी. आता तिकडे टिश्यूची रोपं येतात पिशवीतून, सगळी एका उंचीची, शाळेच्या रांगेसारखी. आमच्या वेळी कंद लावायचे. मृगबाग, म्हणजे मृगाच्या पावसावरची केळी, लावायची म्हणजे त्याआधी खळ्यात कंदांचा ढीग पडायचा, माणसाच्या डोक्याएवढे, मातीनं माखलेले. आमचे वडील, आबा, विळ्यानं कंद तासायचे. मुळ्या छाटायच्या, कुजकं कापायचं, मग शेणाच्या काल्यात बुचकळून खड्ड्यात ठेवायचा, माती लोटायची आणि टाचेनं दाबायची. टाच मारायचं काम आम्हा पोरींचं. अक्का मोठी, तिची टाच जोरकस. मी मागून तांब्या घेऊन पाणी घालत जायची. आबा ओरडायचे, "चिंधे, पाणी आन!"

चिंधी हे माझं नाव. आता कुणाला माहीतही नाही. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून मी झाले तेव्हा आजीनं मला फाटक्या चिंधीत गुंडाळलं आणि तेच नाव ठेवलं, म्हणजे मृत्यूला वाटावं, ह्या घरात नेण्यासारखं काही नाही. आमच्या खानदेशात अशी कितीतरी माणसं असायची, चिंधा, उखर्डू, धोंडू. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं आणि मी सुलोचना झाले. आई गेली, आबा गेले, गावातली ती पिढी गेली. चिंधी म्हणणारी एकटी अक्का उरली. घरच्यांसमोर तीही सुलोचनाच म्हणायची, पण एकटी असताना फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय वं चिंधे, बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे सगळं बरं आहे ना. धुळ्याला पन्नास वर्षं काढून तिच्या जिभेवर सासरची बोली चढली होती, आणि तीतच माझं माहेरचं नाव.

आधी आम्हाला काही लक्षातच आलं नाही. वय झालं की विसरतंच माणूस. चष्मा डोक्यावर, शोधतेय घरभर. मी नाही का तसं करत? पण त्या हिवाळ्यात मनीषाचा फोन आला. "मावशी, आईंचं झाड पिवळं पडतंय. तुम्ही जरा येऊन बघता का?"

मी गेले. सकाळी चहा घेऊन बसलो होतो. अक्का उठली, तांब्यानं झाडाला पाणी घालून आली. गप्पा मारल्या. पुन्हा उठली, पुन्हा पाणी घालून आली. मी म्हटलं, "अक्का, आत्ताच घातलंस की." ती चिडली. "काय बोलते! सकाळपासून कोरडं आहे बिचारं." थोड्या वेळानं पुन्हा. दिवसभर तेच. झाडाला पाणी घातल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि झाडावरची माया काही कमी झाली नव्हती. मला सांगा, कुणाला काय बोलायचं ह्यात? त्या मायेनंच झाड सडत होतं. सुना सगळ्या बुडापासून मऊ झाल्या, काळ्या पडल्या, हात लावला की गळून हातात. नव्या, रसरशीत, पानांच्या. त्याच आधी गेल्या.

मागच्या तेवढ्या कडक होत्या. म्हाताऱ्या.

आम्ही दोघींनी त्या कापल्या. म्हणजे कापल्या मी, अक्का शेजारी बसून सांगत होती. त्या दिवशी तिला सगळं आठवत होतं. ब्लेड तापव, हळद लाव, पापुद्रा ओढू नकोस. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तू घेऊन जा जळगावला. माझ्याकडे नाही राहायच्या. मला कळतंय, चिंधे, माझं काहीतरी चुकतंय." मग माझा हात धरला. "डोळा फुटला की आणून दाखव मला. बाकी काही विसरले तरी ते नाही विसरायची मी. बघितलं की ओळखेन."

बस, एवढं ती बोलली आणि मी ते गाठीला बांधून घेतलं.

एसटीत डबा मांडीवर धरून बसले होते. पारोळ्याला एक बाई चढली, शेजारी बसली, भोकांतून डोकावून म्हणाली, "काय आहे वो ताई, कासव?"

"म्हाताऱ्या आहेत," मी म्हटलं.

ती एरंडोलपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मग उन्हाळा लागला. जळगावचा उन्हाळा ज्यानं बघितला नाही त्याला काय सांगायचं? दुपारी रस्ता मेल्यासारखा पडतो, नळाचं पाणी हात पोळतं, पंखा वारा नव्हे, वाफ टाकतो. मी डबा कूलरच्या डोक्यावर ठेवला, सावलीत, ओलाव्यात. रोज सकाळी झाकण उघडायचं. रोज बघायचं. डॉक्टर कसे रोज येऊन नाडी बघतात आणि काही बोलत नाहीत, तसं.

पहिली गेली ती मऊ पडून. दाबली तर पाणी आलं, आंबूस वासाचं. तिला काढून टाकलं, बाकीच्या पुसल्या, शेवाळ बदललं. दुसरी वाळली, इतकी की हलवली तर आत खुळखुळ. तिसरीच्या बुडाशी पांढरं काहीतरी दिसलं, मी हरखले, चष्मा आणला, बघते तो बुरशी. आणि उरलेल्या हिरव्या होत्या, म्हणजे पिवळट हिरव्या, जिवंत होत्या, पण कशाचा म्हणून काही पत्ता देत नव्हत्या. जिवंत माणूस असं तुमच्यासमोर नुसतं असावं आणि काहीच करू नये, ह्याचा त्रास मेलेल्यापेक्षा जास्त होतो. मेलेल्याचं काय करायचं ते तरी ठरलेलं असतं.

तिकडे धुळ्याला तसंच चाललं होतं. चैत्रात अक्का फोनवर विचारायची, "डोळा आला का?" मी म्हणायचे, "येतोय." मग विचारेनाशी झाली. मग नुसतं "हं, हं" करायची. एकदा मीच म्हटलं, "अक्का, म्हाताऱ्या बऱ्या आहेत," तर ती म्हणाली, "कोणाच्या?" आणि वैशाखात एक दिवस मनीषानं फोन तिच्या कानाला लावला, मला तिचा श्वास ऐकू येत होता, मी म्हणत होते, अक्का, मी आहे, अक्का, आणि तिकडून अगदी आदरानं, शाळेतल्या पालकांशी बोलायची तशा आवाजात, "कोण बोलतंय आपण?"

त्या दिवशी मी जेवले नाही. कूलरसमोर बसून राहिले. मला राग आला होता, कुणाचा ते कळेना. डबा उचलून फेकावासा वाटला. मग वाटलं, नको, तिनं सांगितलंय, बघितलं की ओळखेन. माणूस बुडताना कशाला धरेल त्याचा नेम नाही, मी तिळाएवढ्या डोळ्याला धरून बसले होते.

आणि फुटला हो तो.

ज्येष्ठ लागला होता. सगळ्यात वाईट दिसणारी, वाकडी, एका बाजूनं चेपलेली म्हातारी, जिच्याकडे मी बघणंही सोडलं होतं, तिच्या बुडाशी पापुद्रा फाटून हिरवा ठिपका वर आला होता. चार दिवसांत ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. मग मुगाएवढा, टोकदार, असा चकचकीत हिरवा की दिवा लावल्यासारखा. मी एकटीच घरात मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई! आलीस?" फोन केला नाही कुणाला. म्हटलं, फोनवर नाही, समोर. पहाटेची एसटी धरली. डबा पुन्हा मांडीवर. त्या रस्त्यानं मी आयुष्यभर गेले-आले असेन, पण इतकं भरलेलं मन घेऊन कधीच नाही.

अक्का मागच्या अंगणात बाजेवर बसली होती, कढीपत्त्याच्या झाडाखाली. केस कापून बारीक केले होते. साडीऐवजी गाऊन. मला बघून पदर सावरायला हात खांद्याकडे गेला, तिथे पदर नव्हता. "या, बसा," म्हणाली. "मनीषा, ह्या बाईंना पाणी दे. कोणत्या वर्गात आहे तुमची मुलगी?"

मी तिच्या पायाशी बसले. डबा उघडला. म्हातारी तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरली. "अक्का, बघ. डोळा फुटला. तूच म्हणाली होतीस ना?"

ती बघत राहिली. बराच वेळ. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, असं बघत होते की माझे डोळे दुखायला लागले. काही नाही. कुठे काही हललं नाही. शेवटी तिनं ती हातात घेतली, उलटसुलट केली, जड आहे का पाहिल्यासारखी झेलली. आणि मग तिच्या हातांना काहीतरी आठवलं. अंगठ्यानं तिनं बुडाच्या वाळक्या मुळ्या चापून पाहिल्या आणि खटाखट मोडल्या. उठली. झाडाच्या आळ्याशी पडलेलं खुरपं घेतलं, उकिडवी बसली आणि खणायला लागली. काय चपळाई! महिनाभर ज्या बाईला घास भरवावा लागत होता, ती खड्डा करत होती, बाजू नीट तासून, तळ सपाट.

"शेन कुठी हाये वं?" स्वतःशीच पुटपुटली. धुळ्याची बोली पार गळून पडली होती. तोंडात सावद्याचं बोलणं होतं, आमच्या खळ्यातलं.

मनीषा धावत आली. "आई, अहो काय करताय! मावशी, धरा ना त्यांना, तुमचा कोंब!"

मला धरता आलं असतं. अगदी हाताच्या अंतरावर होती ती. कोंब खड्ड्यात गेला, तिनं दोन्ही हातांनी माती लोटली, भिंतीला धरून उभी राहिली आणि टाच मारली. तीच टाच. जोरकस. आबा बघत असते तर खूष झाले असते. मग तिनं मागे वळून थेट माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घालून.

"चिंधे, उभी काय राह्यली वं? पानी आन! आबा येतीन आता."

मनीषा माझ्याकडे बघायला लागली. "चिंधी कोण?" तिला माहीत नव्हतं.

मी भाभींच्या एसीखालची बादली उचलली आणि पाणी आणलं.

तांब्यानं हळूहळू घातलं, आळ्यात, जसं घालायची तसं. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. सगळं पाणी जिरलं तेव्हा ती बाजेवर जाऊन बसली, आणि मला म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का?"

लोक मला म्हणतात, निदान नावानं हाक तरी मारली तिनं, तेवढं समाधान. मी हो म्हणते. वाद कशाला घालायचा. पण समाधान म्हणतात ते हे नसावं. एका क्षणासाठी मी तिला सापडले आणि त्याच क्षणी ती मला कायमची हरवली, आणि दोन्ही मी डोळ्यांनी बघितलं. मी आजवर स्वतःला समजावत आले होते की ती आत कुठेतरी आहे, डोळा झोपलाय तिचा, वेगळं काढलं, नीट ठेवलं तर फुटेल. आता कळतं, ती होती. आमच्या खळ्यात होती, मृगबागेच्या दिवसांत, शेणाचा काला शोधत. तिथे मी नऊवारी नेसायला लागलेली सुलोचना कुणीच नव्हते. तिथे जायला मला एसटी नाही.

त्यानंतर तिनं ते नाव पुन्हा घेतलं नाही. आता तर कुठलंच घेत नाही. आतल्या खोलीत असते, कुशीवर वळवावं लागतं, मनीषा करते सगळं, एका शब्दानं कुरकुरत नाही ती पोरगी. मी महिन्यातून एकदा जाते. कानाशी वाकून सांगते, "अक्का, चिंधी आलीये." ती छताकडे बघत असते. कधी कधी वाटतं, चिंधी हे नाव तिच्याबरोबरच संपेल, मग मृत्यूला माझं घर ओळखायला अवघड नाही जाणार.

डब्यात उरलेल्या म्हाताऱ्या त्याच पावसाळ्यात एकेक करून गेल्या. कढीपत्त्याखालीही काही उगवलं नाही. उगवणार नव्हतंच. मातीत गेल्या की गेल्या, तिनंच शिकवलेलं. मनीषानं मागच्या पावसाळ्यानंतर अंगणात फरशी बसवून घेतली, चाकाची खुर्ची फिरायला बरी पडते म्हणून. पण गवंड्याला सांगून आळ्यापुरती जागा तिनं सोडवली. मी काही म्हटलं नव्हतं.

नवं गवत भरून झालं, कूलर लागला, वास सुटला. उद्या सकाळी मी धुळ्याला जाणार आहे. गेले की आधी अक्काला बघेन, मग मागच्या अंगणात जाईन, भाभींच्या एसीखालची बादली घेईन आणि त्या आळ्यात पाणी घालेन. दरवेळी घालते. खाली काही नाही, हे मला ठाऊक आहे. पाण्यानं काय होतं तेही ठाऊक आहे. पण अक्कानं पाणी आण म्हणून सांगितलं होतं. पुरे, असं तिनं अजून म्हटलेलं नाही.